कौल

गेल्या नोव्हेंबरात एसआयआरचे, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीचे, फॉर्म घेऊन अंगणवाडीची बाई आमच्या वाड्यावर आली, तेव्हा आई सोप्यावर बसून अबोलीचा वळेसर करीत होती. २००२ च्या यादीतला तिचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मी आदल्या दिवशीच शोधून ठेवला होता. तो फॉर्मवर उतरवला, फोटो चिकटवला आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला. तिने पदराला हात पुसले आणि सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. बाई अंगण ओलांडून गेली, तेव्हा मान वर न करता आई म्हणाली, "नांव आसूं दी. पूण ह्या फावट म्हाका व्हरूं नाका."

यादीत नाव राहू दे, पण या खेपेला मला मतदानाला नेऊ नकोस.

आई ८४ वर्षांची आहे. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा ती २२ वर्षांची होती. तेव्हापासून तिने एकही विधानसभा चुकवलेली नाही. २०२२ साली ८० वर्षांवरच्या मतदारांना घरूनच टपाली मत देण्याची सोय होती, पण तिने ती नाकारली. काठी टेकत ती शाळेतल्या केंद्रावर गेली आणि रांगेतल्या बायांनी पुढे जायला सांगितले तरी उभी राहिली. आता पुढच्या निवडणुकीला तिने पंच्याऐंशी ओलांडलेली असेल. अधिकारी मतपत्रिका घेऊन आमच्या सोप्यावर येऊ शकतील, पण आता तिला तेही नको आहे.

रात्री जेवताना मी कारण विचारले. ती बराच वेळ भात कालवत राहिली आणि एवढेच बोलली, "कौल घेतात आनी पळयनात."

कौल घेतात आणि त्याच्याकडे बघतही नाहीत.

आमच्या भागात लग्न जमवायचे असो की घराचा पाया घालायचा असो, देवाला कौल लावतात. पुजारी मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि घरची माणसे समोर बसून बघत राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी अर्धा अर्धा तास काहीच पडत नाही, तरी कोणी उठत नाही. माझ्या मामाचे एक स्थळ असेच गेले. मुलगी सगळ्यांना आवडली होती, बोलणी होत आली होती, मामाचे मन तर तिथे गुंतलेच होते. पाकळी डावी पडली. आजोबांनी नमस्कार केला, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन मुलीच्या घरी निरोप दिला. असल्या प्रथेने दोन आयुष्यांचा निर्णय व्हावा का, हा प्रश्न मला तरुणपणी छळत असे, आजही छळतो. पण आई त्या घटनेकडे वेगळ्याच बाजूने बघते. ज्याने विचारले, तो उत्तराला बांधला गेला, असे ती मानते. नाही तर विचारायला जायचेच कशाला?

१९६३ चे मतदान ती अजून जसेच्या तसे सांगते. पोर्तुगीज जाऊन दोनच वर्षे झाली होती. आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत होते. तो म्हणेल तेव्हा उठायचे, अशी मुंडकाराची गत. त्या दिवशी रांगेत आईच्या पुढे भाटकाराच्या घरची बाई उभी होती आणि आईच्या मागे काजूच्या भाटात काम करणारी एक म्हातारी. तिघींच्या बोटाला शाई लागली. आईने सिंहावर शिक्का मारला. सिंहाचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यातल्याच एका शाळेत मी शिकलो आणि पुढे तशाच शाळांत पस्तीस वर्षे शिकवले. १९६४ साली कूळ कायदा आला. मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५ साली मुंडकार कायदा आला, १९७६ साली कसेल त्याची जमीन. ज्या दिवशी आमच्या घराच्या जागेचा कागद वडिलांच्या हातात पडला, त्या दिवशी त्यांनी तो देवासमोर ठेवला आणि आईला म्हणाले, हा तुझ्या मताचा कागद.

त्या पिढीच्या मनात मताची किंमत कुठून आली, हे मला त्या एका वाक्यात कळते. मत दिले की पायाखालची जमीन घट्ट होते, हे त्यांनी स्वतःच्या घरात अनुभवले होते.

आणि त्यांनी हरणेही बघितले. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढा एकच प्रश्न होता. विलीनीकरणाला फुलाची खूण होती, वेगळे राहण्याला दोन पानांची. आमचे घर फुलाचे. आईने फुलावर शिक्का मारला. मोजणी संपली तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ मते होती आणि फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी फूल हरले. वडील त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून नेहमीसारखे कुळागरात, सुपारीच्या बागेत, पाणी लावायला गेले. कौल फिरवावा, मोडावा, मागल्या दाराने दुसरे काही घडवावे, असे आमच्या वाड्यावर कोणाला सुचलेही नाही. दोनच महिन्यांनी पुन्हा विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांना पुन्हा निवडून दिले. एका प्रश्नाला एक उत्तर, दुसऱ्या प्रश्नाला दुसरे. दोन्ही उत्तरे मानली गेली. लोक अडाणी होते असे म्हणणाऱ्यांनी ते दोन महिने एकदा नीट अभ्यासावेत.

(आज मला गोवा वेगळा राहिल्याचे दुःख नाही. आईलाही नसावे. पण फुलाची आठवण निघाली की ती अजून गप्प होते.)

शिक्षक असल्यामुळे निवडणुकीची ड्युटी मला कधी चुकली नाही. आधी मतदान अधिकारी होतो, नंतर अनेकदा केंद्राध्यक्ष. मताला किती जपतात ते मी जवळून बघितले आहे. आदल्या दिवशी मशीन ताब्यात घ्यायचे, नंबर पडताळायचे, रात्री शाळेच्या बाकांवर झोपायचे. पहाटे सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर निदान ५० मतांचे मॉक पोल घ्यायचे, आकडे जुळवायचे, मशीन कोरे करायचे, मग हिरवा कागदी सील, त्यावर एजंटांच्या सह्या. २०१७ साली गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट आले. सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. एकदा एका म्हाताऱ्याने ती सात सेकंदे हात जोडून घालवली होती. संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा सतरा-सी फॉर्म भरताना एका मताचा जरी फरक पडला तरी तिथून हलता येत नाही. रात्री अकरा वाजता मशीन जमा केले की ताठ झालेली पाठ मोकळी व्हायची आणि एक समाधान वाटायचे. वाड्यावरच्या प्रत्येक माणसाचे मत आपण जसेच्या तसे पोचवले, काही सांडले नाही.

ते समाधान मला पुढे पुढे टिकवता येईना. मोजणीपर्यंत एवढ्या सीलबंद डब्यातून नेलेले मत मोजणीनंतर उघड्यावर पडते, हे मी निवडणुकीमागून निवडणूक बघितले.

फुटणे गोव्याला नवे नाही. १९७९ साली ताईंचे सरकार त्यांच्याच आमदारांनी पाडले. १९८० साली काँग्रेसच्या एका गटाच्या नावावर निवडून आलेले आमदार निकालानंतर इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये गेले. १९९० साली एक मुख्यमंत्री अठरा दिवसांचा होता आणि पुढची दहा-बारा वर्षे तर शाळेच्या भिंतीवरचा मुख्यमंत्र्यांचा फोटो बदलता बदलता खिळा ढिला झाला. आईने हे सगळे पाहिले, त्रागा केला आणि तरीही दर वेळी मत दिले. चार माणसे वाईट निघाली, असे ती म्हणायची. मग आताच काय झाले?

माझ्या समजुतीप्रमाणे, आता माणसे फुटत नाहीत, घरच्या घर उठून जाते. २०१७ साली काँग्रेसला १७ जागा मिळाल्या, भाजपला १३. सरकार भाजपचे झाले, भाजपच्या विरोधात मते मागून निवडून आलेल्यांना सोबत घेऊन. मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले. आईचा सिंह एका रात्रीत एकटा पडला. त्याच जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ दिली. निवडून आले ११. १४ सप्टेंबरला त्यातले ८ भाजपमध्ये गेले, आणि देवाला विचारून गेलो, असे त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी सांगितले.

आई खचली ती त्या संध्याकाळी. टीव्हीसमोरून उठली आणि आत जाऊन पडली. देवासमोर घेतलेला शब्द मोडला, हे एक. पण तो मोडायला पुन्हा देवालाच साक्षीला घेतले, हे तिला सोसवले नाही. तिच्या डोळ्यांसमोर मामाचे स्थळ आले असेल, आणि निरोप द्यायला निघालेले तिचे वडीलही.

त्या दिवसांत वाड्यावर एकच शब्द ऐकू यायचा. आंघोळीच्या पाण्याला, पोदेराकडे पाव घेताना, देवळाच्या पायरीवर, "आमचो गेलो मरे." कोकणीत 'गेलो' म्हणजे तो गेला. पण मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, माझ्या कानाला 'गेलो' म्हणजे मी गेलो. तो शब्द दिवसभर डोक्यात राहिला. आमदार गेला, पण त्याच्या खिशात माझे मत होते. ज्या पक्षाला नको म्हणून मी मत दिले होते, त्याच पक्षात मी न विचारता, झोपेत उचलून नेलेल्या मुलासारखा गेलो. कोकणी आणि मराठीचे भांडण आम्ही इतकी वर्षे घातले. त्या एका शब्दात दोन्ही भाषा खऱ्या बोलत होत्या.

हे कायद्यात बसते, हे त्याहून वाईट. १९८५ साली पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट घटनेत आले, तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली, पण दोन तृतीयांश आमदारांचे 'विलीनीकरण' मान्य ठेवले. मोठ्या राज्यात दोन तृतीयांश म्हणजे शे-सव्वाशे माणसे जमवावी लागतील. गोव्याची विधानसभा चाळिसाची. अकरांचे दोन तृतीयांश आठ, पंधरांचे दहा, तिघांचे दोन. एका जेवणाच्या टेबलाभोवती बसतील एवढी माणसे. २०१९ च्या प्रकरणात सभापतींनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. ज्या कुंपणाने शेत राखायचे, त्याला मापून दार ठेवलेले आहे. 'विलीनीकरण' हाच शब्द १९६७ मध्ये आमच्या घराने फुलावर शिक्का मारताना उच्चारला होता. तेव्हा तो अख्ख्या गोव्याला विचारला गेला. आता आठ माणसे आपसात ठरवतात.

गोव्यात हे अधिक लागते, कारण इथे आमदार लांबचा माणूस नसतो. २०२२ साली एका मतदारसंघात सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस हजार मतदार होते. आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, शिगम्याच्या रोंबटात नाचतो, तुमच्या मुलाचे नाव त्याला माहीत असते. त्याच साली सांत आंद्रेत ७६ मतांनी निकाल लागला, साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले, पणजीत फरक ७१६ चा. ७६ म्हणजे आमच्या एका वाड्याची मते. आपल्या वाड्याने कुणाला तरी आमदार केले, ही भावना इथे खरी असू शकते. म्हणून तो गेला की ती बातमी घरातल्या माणसासारखी लागते.

शेजारचा मला म्हणतो, मास्तर, विरोधात बसून कामे होत नाहीत. रस्ता पाहिजे, नळाला पाणी पाहिजे, पोराला नोकरी पाहिजे, मग तो सरकारात गेला तर बिघडले काय? त्याचा मुलगा पदवी घेऊन चार वर्षे घरी आहे. त्याचे म्हणणे मी झटकून टाकू शकत नाही. सरकारी नोकरीसाठी पैसे घेऊन फसवल्याची प्रकरणे २०२४ च्या अखेरीस पोलिसांपर्यंत गेली, तेव्हा वाड्यावर कोणालाच धक्का बसला नव्हता, याचेच मला जास्त वाईट वाटले. पण विरोधातल्या आमदाराच्या गावाला नळ मिळत नसेल तर चूक त्या आमदाराने विरोधात बसण्याची आहे का? ज्यांनी नळ अडवला त्यांना जाब विचारायचा सोडून आपण आपल्या माणसाला सांगतो, तू तिकडे जा. मग तो जातो, आणि आपण पुन्हा चिडतो. ही गाठ मला सुटत नाही. शेजाऱ्याच्या पोराकडे बघून तर अजिबातच नाही.

आणि तिकडे म्हणजे तरी कुठे? म्हादई नदी घ्या. कर्नाटकात दोन्ही मोठे पक्ष कळसा-भांडुराचे पाणी हवे म्हणतात, गोव्यात तेच दोन पक्ष एक थेंब देणार नाही म्हणतात. २०१८ साली लवादाने गोव्याला २४ टीएमसी आणि कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या आराखड्याला मंजुरी दिली. आमच्या कुळागराला पाट येतो तो डोंगरातून. उद्या तो आटला तर मी यातल्या कोणत्या पक्षाला विचारू? सीमा ओलांडली की ज्याची भूमिका बदलते, त्याच्या जाहीरनाम्यातला नदीवरचा परिच्छेद मला वाचवत नाही. मगोकडे वळावे तर २०२२ साली ते तृणमूलबरोबर भाजपच्या विरोधात लढले आणि निकाल लागताच भाजपच्या पाठीशी उभे राहिले. भाचा म्हणतो, मामा, नव्यांना संधी द्या. तो रेव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाच्या सभांना जातो. त्याच्या डोळ्यांत मला १९६३ ची आई दिसते, त्याला अडवण्याचा मला अधिकार नाही. बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल तिथे बोलले जाते ते मात्र मला पटत नाही. माझ्या शाळेत शेवटची दहा वर्षे पट टिकला तो त्याच मजुरांच्या मुलांमुळे.

नोटाचे बटण आहेच. केंद्राध्यक्ष म्हणून मी ते शेकडो लोकांना समजावून सांगितले आहे. पण नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. देवासमोर बसून कौलच न मागण्यासारखे आहे ते.

आईच्या बँक खात्यात दर महिन्याला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार रुपये येतात. ती त्यांना भाऊंचे पैसे म्हणते. योजना २००२ साली भाजपच्या सरकारने काढली, बांदोडकरांचे नाव दिले, पुढे प्रत्येक सरकारने चालवली, हे मी तिला समजावून पाहिले. तिचे उत्तर ठरलेले असते. पैसे कोणीही देऊ दे, नाव ज्याचे आहे तो फिरला नव्हता.

शिगम्याच्या दिवसांत एका पक्षाचा कार्यकर्ता घरी आला. वाड्यावरचाच, माझा विद्यार्थी. उमेदवारी कोणाला मिळेल ते ठरले नव्हते, पण घरोघरी जाऊन भेटायला सांगितले होते. तो आईच्या पाया पडला. आईने त्याला सोप्यावर बसवले, पाणी आणि गूळ दिला, घरच्यांची चौकशी केली. मग विचारले, "आमी जंय दवरतलीं थंय पांच वर्सां रावतलो?"

आम्ही ठेवू तिथे पाच वर्षे राहील का तो?

मुलगा चांगला आहे. वर्गात असताना कधी खोटे बोलला नाही, गृहपाठ केला नसेल तर सरळ हात पुढे करायचा. त्या दिवशीही तो खोटे बोलला नाही. पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ बसला, मग उठला आणि म्हणाला, "विचारून सांगतो, आजी."

आता पाऊस सुरू आहे, पाट भरून वाहतो आहे, चवथीची माटोळी बांधायला माणूस शोधायचा आहे. फॉर्मची पोच मी पंचांगात ठेवली आहे. अंगणाबाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला की आई वळेसर खाली ठेवते आणि मला विचारते, तो आला का बघ.